सातवी वाटी

माणसानं प्रामाणिक असावं हे कबूल, पण किती असावं याला काही माप आहे की नाही? भाजीला मीठ लागतं म्हणून कोणी मिठाची अख्खी पुडी पातेल्यात ओतत नाही. वर्ध्याजवळच्या नालवाडीच्या मोनालीनं मात्र ओतली. चांगली शिकली-सवरलेली पोरगी, पण तिनं समजून-उमजून, स्वतःच्या हातानं ओतली.

शुक्रवारची संध्याकाळ होती. गॅसवर कुकर लागलेला, ओट्याशेजारच्या टेबलावर लॅपटॉप उघडा, आणि त्यात एक तक्ता. दुसऱ्या दिवशी तळेगावला संत्रा बागायतदारांच्या कंपनीची बैठक होती आणि त्या बैठकीत हा तक्ता भिंतीवर झळकणार होता. वरच्या ओळीत तीन पर्याय होते. डावीकडे, कोणता पर्याय चांगला हे कशावरून ठरवायचं, त्या सात गोष्टी होत्या. सातवी गोष्ट अशी लिहिली होती: 'बंद पडलं तर त्याच दिवशी कोण येणार?'

मोनालीनं त्या ओळीकडे बराच वेळ पाहिलं. मग ती ओळ खोडून टाकली. कुकरची शिट्टी झाली, तिनं गॅस बारीक केला, परत येऊन खात्री केली की ओळ खरंच गेली आहे, आणि लॅपटॉप मिटला.

आता ही ओळ का खोडली, ते कळायला थोडं मागं जावं लागेल.

मोनालीचा धंदा सांगायला अवघड आणि करायला त्याहून अवघड. एखाद्या दुकानात, गिरणीत, कंपनीत माहिती कुठून येते, कोणाकडे जाते, कुठं तुंबते ते बघायचं आणि ती सरळ वाहावी अशी संगणकाची व्यवस्था आखून द्यायची. शेजारच्या बायका विचारत तेव्हा ती म्हणायची, घराला वायरिंग असते ना, तशी मी धंद्याची वायरिंग करते. पुण्यात आठ वर्षं तिनं मोठ्या कंपन्यांची वायरिंग केली. आई, कमलाबाई, गेल्यावर वडील एकटे पडले, म्हणून दोन वर्षांपूर्वी ती वर्ध्याला परत आली आणि स्वतःचं काम सुरू केलं. एक औषधांचा ठोक व्यापारी मिळाला, एक बियाण्यांचं दुकान मिळालं, आणि मग गाडी रुतली. वर्ध्यात लोकांना हिशेब चोख हवा असतो, पण तो आखून देणाऱ्याला पैसे द्यायचे म्हटलं की त्यांना फार जिवावर येतं.

अशात तळेगावचं काम आलं. तिथल्या बागायतदारांनी मिळून कंपनी काढली होती, संत्री धुऊन, पुसून, आकारानं वेगळी करणारी मोठी मशीन आणली होती. मशीन झकास होती. घोळ होता तो नंबरांचा. आंबिया बहाराची, म्हणजे दिवाळीच्या सुमाराला तयार होणाऱ्या संत्र्यांची, तोड सुरू झाली की सगळ्यांना आपलं संत्रं आजच मशीनवर लावायचं असतं. नंबर लावायचा तो कंपनीच्या मॅनेजरला, अनुपला, फोन करून. अनुप भला माणूस, पण त्याला कान दोनच. मागच्या हंगामात त्यानं एकच सकाळ दोघांना दिली. ओमप्रकाश नावाच्या बागायतदाराचे कॅरेट टिनाखाली तापत पडले, खालच्या थरांना बुरशी धरली, आणि ओमप्रकाश त्यानंतर महिनाभर अनुपशी बोलला नाही. त्यावर अध्यक्ष प्रभाकरराव, हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक, म्हणाले की पुरे झालं, आता पद्धतशीर काहीतरी करू.

मोनालीनं उन्हाळाभर आर्वीवरून एसटीनं खेपा घातल्या. बागेत गेली, मशीनपाशी उभी राहिली, अनुपच्या फोनशेजारी बसली, लोकांच्या शिव्यासुद्धा टिपून घेतल्या. शेवटी तीन पर्याय निघाले. पहिला, हैदराबादच्या एका कंपनीचं तयार सॉफ्टवेअर, आजवर बऱ्याच ठिकाणी चाललेलं. दुसरा, खास तळेगावसाठी मोनालीनं स्वतः बांधून द्यायचं. तिसरा, आहे तेच जरा नीट करायचं, म्हणजे अनुपचा फोन, भिंतीवर मोठी पाटी, आणि पाटीचा रोज सकाळी व्हॉट्सॲपवर फोटो.

प्रभाकरराव म्हणाले की या तिन्हींची तुलनाही, मॅडम, तुम्हीच करा. मोनाली म्हणाली, सर, मी कशी करू, त्यातला एक पर्याय माझाच आहे. प्रभाकरराव हसले आणि म्हणाले की तळेगावात हे कळणारं दुसरं कोण आहे ते सांगा, त्याला बोलावतो. तेव्हा मोनालीनं एक युक्ती काढली. कोणत्या गोष्टीला किती महत्त्व, हे आपण ठरवायचंच नाही, बागायतदारांनी ठरवायचं. प्रत्येक गोष्टीची एक वाटी, आणि प्रत्येक संचालकाला मूठभर चिंचोके. ज्याला जे महत्त्वाचं वाटतं त्या वाटीत त्यानं चिंचोके टाकायचे. ज्या वाटीत चिंचोके जास्त, त्या गोष्टीचं वजन जास्त. मग प्रत्येक पर्यायाला त्या गोष्टीत पाचपैकी किती गुण, ते त्या वजनानं गुणायचे आणि बेरीज करायची. कोणाला पक्षपात म्हणायला जागाच नाही.

युक्ती नामी होती. पण वाट्या कोणत्या ठेवायच्या हे तर तिनंच ठरवायचं होतं ना! आणि सातव्या वाटीत, म्हणजे बंद पडलं तर त्याच दिवशी कोण येणार या वाटीत, तिला पाचपैकी पाच मिळणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. हैदराबाद कुठं, नालवाडी कुठं. ही वाटी ठेवली तर लोक काय म्हणतील? म्हणतील, घेतलं आपलंच घोडं पुढं दामटून.

हे भय तिला कोणी शिकवलं ते सांगायला नको, तरी सांगतो. नानाजींनी, म्हणजे तिच्या वडिलांनी. नानाजी सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले, तेव्हा त्यांच्या घरातला खुर्चीवर बसणारा पहिला माणूस तेच होते. बाबासाहेबांच्या पुण्याईनं खुर्ची मिळाली, आणि खुर्चीबरोबर लोकांच्या नजराही मिळाल्या. हा काय खातो, कोणाला ओढतो, आपल्या माणसांसाठी काय करतो, इकडे सगळ्यांचं लक्ष. म्हणून नानाजींनी ठरवलं की दुसरा एकदा हात धूत असेल तर आपण दोनदा धुवायचे. ओळखीच्या माणसाची फाइल आली की ते ती दुसऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवत आणि स्वतः चहाला जात. कमलाबाई म्हणायच्या की हा माणूस स्वतःच्या लग्नाची सुट्टीसुद्धा घाबरत मागून आला होता. मोनालीला हे बाळकडूच मिळालं होतं: स्वतःसाठी तोंड उघडायचं नाही. काम बोललं पाहिजे, आपण नाही.

आणि या वेळी काम बोललं नसतं तर काय होणार होतं, तेही ऐका. पुण्याच्या जुन्या कंपनीनं तिला परत बोलावलं होतं. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. तळेगावचं काम मिळालं तर वर्ध्यात पाय टिकत होते, एकाचं बघून दुसरा आला असता. नाही मिळालं तर बॅग भरायची आणि नानाजींना नालवाडीच्या त्या दोन खोल्यांत एकटं ठेवून जायचं. तिला जायचं नव्हतं. अगदी मनापासून जायचं नव्हतं. नानाजींना तिनं पुण्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, तुले जे बरं वाटते ते कर म्हणाले, आणि जास्वंदीला पाणी घालायला बाहेर गेले.

इतकं सगळं पणाला लागलेलं, आणि पोरीनं सातवी ओळ खोडली! बरं, तेवढ्यावर भागलं नाही. दुसऱ्या दिवशी बैठकीआधी तिन्ही पर्यायांना गुण लावताना अनुप बरोबर बसला होता, तेव्हाही जिथं स्वतःला चार द्यायचे तिथं तिनं तीन दिले. अनुपनं विचारलं, मॅडम, कमी काऊन लावता? असू द्या, म्हणाली.

शनिवारी सकाळी मशीनच्या शेडवरच्या हॉलमध्ये बैठक भरली. खाली मशीनला तेलपाणी चाललं होतं, वर सतरंजीवर संचालक बसले होते आणि मधे स्टीलच्या सहा वाट्या मांडल्या होत्या. प्रत्येक वाटीपुढे चिठ्ठी: काम लवकर व्हावं, खर्च कमी असावा, नेट नसताना चालावं, कोणाचा नंबर चुकू नये, शिकायला सोपं असावं, पुढं वाढवता यावं. हैदराबादच्या कंपनीतर्फे नागपूरहून रजत नावाचा तरुण आला होता. इस्त्रीचा शर्ट, बोलायला मऊ, आणि खोटं बोलायची सवय नसलेला. असे विक्रीवाले कमी असतात, पण असतात.

चिंचोके टाकायला सुरुवात झाली आणि हॉलमध्ये एकदम लग्नातल्या अक्षतांसारखी लगबग उडाली. 'कोणाचा नंबर चुकू नये' ही वाटी बघता बघता भरली. ओमप्रकाशनं तर मूठच्या मूठ त्यातच उपडी केली आणि अनुपकडे पाहिलं. रुख्माबाई मात्र वाट्यांभोवती फिरून आल्या. रुख्माबाई म्हणजे संचालकांमधल्या एकट्या बाई, चारशे झाडांच्या मालकीण, नवऱ्याच्या मागं सारी बाग स्वतः उभी केलेल्या. त्यांच्या हातात काही चिंचोके उरले होते.

त्या म्हणाल्या, "हे मी कुठं टाकू? माह्या मनातली वाटीच नाई इथं."

प्रभाकररावांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले की रुख्माबाई, टाका कशातही, वाट्या मॅडमनं विचार करूनच ठेवल्या असतील. रुख्माबाईंनी उरलेले चिंचोके जवळच्या वाटीत सोडून दिले. मोनालीला कळलं होतं कोणती वाटी त्या शोधत होत्या. तिनं वाट्यांपुढच्या चिठ्ठ्या सरळ केल्या.

मग वजनं धरली, गुणाकार झाले, बेरजा झाल्या. पाटी आणि फोन मागं पडले, ते पडणारच होते. मोनालीची व्यवस्था चांगली पुढं होती. पण हैदराबादवाल्यांची तिच्याही थोडी पुढं निघाली. थोडीशीच, पण पुढं ते पुढं.

मोनालीबद्दल लोकांना जिव्हाळा होता, उन्हाळाभर तिनं त्यांच्या घरी भाकरी खाल्ली होती. पण तक्ता तिचाच होता, चिंचोके त्यांचेच होते, बोलणार कोण? प्रभाकरराव खाकरले आणि म्हणाले, मॅडमनी स्वतःविरुद्ध निकाल जाऊ दिला, याला म्हणतात सचोटी. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. मोनालीला त्या टाळ्या थोबाडीत मारल्यासारख्या लागल्या.

ठराव लिहायला घेणार तेवढ्यात रुख्माबाईंनी हात वर केला. मले फक्त या पोराले एक विचारू द्या, म्हणाल्या आणि रजतकडे वळल्या. "बापा, ऐन तोडीत तुह्यं ते बंद पडलं, तं कोण येईन?"

रजतनं सरळ सांगितलं. एक नंबर आहे, त्यावर तक्रार नोंदवायची. ते आधी तिथूनच दुरुस्त करायला बघतात, बहुतेक वेळा होतंच. नाही झालं तर माणूस पाठवतात, बहात्तर तासांच्या आत.

"बहात्तर म्हंजे तीन दिवस," रुख्माबाई म्हणाल्या. "तोडलेलं संत्र तीन दिवस कुठं ठेवू?"

प्रभाकरराव म्हणाले की प्रश्न रास्त आहे, पण तो आपल्या तक्त्यात नाही, आणि तक्ता आता झाला. तेवढ्यात चहा आला आणि सगळे कपाकडे वळले.

चहा घेता घेता मोनाली खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली मशीनचा पट्टा रिकामाच फिरत होता. तिच्या मनात काय चाललं होतं ते सांगतो. पहिल्यांदा तिला रडू आलं, ते तिनं चहाबरोबर गिळलं. मग राग आला, स्वतःचाच. कारण आत्ता कुठं तिच्या ध्यानात आलं की आपण सोडलं ते आपलं नव्हतंच. ती वाटी रुख्माबाईंची होती. ऐन हंगामात नंबरांचं सगळं गणित अडलं, तर ट्रॅक्टर उन्हात उभे राहणार ते या लोकांचे. आपल्यावर कोणी बोट दाखवू नये म्हणून आपण त्यांच्या गरजेवरच खोडरबर फिरवला, आणि त्यालाच ते सचोटी म्हणून टाळ्या वाजवताहेत. पुण्यात एखाद्या पोरानं अशी गरज गाळली असती तर तिनं त्याला फैलावर घेतलं असतं.

पण आता बोलायचं कसं? निकालाआधी बोलली असती तर निदान शोभलं असतं. आता बोलणं म्हणजे हरल्यावर पट उधळणं. नानाजी तिच्या जागी असते तर त्यांनी कप ठेवला असता, नमस्कार केला असता आणि एसटी पकडली असती. ती आर्वीची गाडी अर्ध्या तासात होती.

कप खाली ठेवून मोनाली पुन्हा तक्त्यापाशी गेली. ओढणीचं टोक तिनं मुठीत घट्ट धरलं होतं.

ती म्हणाली, "या तक्त्यात सात गोष्टी होत्या. सातवी मी काल खोडली. बंद पडलं तर त्याच दिवशी कोण येणार, ही. तिच्यात मला सगळ्यात जास्त गुण मिळाले असते, म्हणून खोडली. ते चुकलं. तक्ता अपुरा आहे आणि त्यावर ठराव करू नका."

जे ऐकायची तिला भीती होती तेच पहिल्यांदा कानावर आलं. ओमप्रकाश म्हणाला, "म्हंजे हारल्यावर वाटी आठवली."

दोघं जण हसले. एकानं मान खाली घातली. मोनालीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं, पण गंमत अशी की ते ऐकल्यावर तिनं मुठीतली ओढणी सोडून दिली. जन्मभर ज्या बागुलबुवाला घाबरायचं, तो समोर येऊन उभा राहिला, बोलला, आणि कोणी मेलं नाही.

"तसंच दिसते, दादा," ती म्हणाली. बोलता बोलता तिची पुण्याची भाषा सुटली आणि घरची आली. "हारल्यावरच आठवली म्हणा. मले हे काम पाहिजे, तेबी खरं हाय. पण रुख्माबाईचा प्रश्न काही मी तयार केला नाई. मले बाहेर बसवा. चिंचोके परत वाटा, सातवी वाटी ठेवा, आन गुण अनुप आन हे रजतभाऊ लावतीन. जे निघन ते मले मंजूर."

प्रभाकररावांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षं पोरं शिकवलेला माणूस, त्याला खरं बोलणारं पोर ओळखू येत असावं. त्यांनी सगळ्या वाट्या स्वतःच्या हातानं रिकाम्या केल्या.

मोनाली खाली शेडमध्ये येऊन उलट्या घातलेल्या कॅरेटवर बसली. मशीनवाला काहीतरी विचारत होता, ती काहीतरी उत्तर देत होती. वर कधी आवाज चढत होते, कधी उतरत होते. मधेच अनुपचा आवाज आला, मॅडमनं स्वतःले कमी मार्क लावले होते, मी तवाच म्हटलं होतं. मग रजतचा, सातव्यात मला दोनच द्या, तीन दिवसांना दोनच होतात. कोणीतरी म्हणालं की पाटीला पाच द्या, पाटी बापजन्मी बंद पडत नाही, आणि सगळे हसले. एसटीची वेळ झाली आणि टळूनही गेली.

अनुप जिन्यावरून अर्धा उतरला आणि हातानंच वर या म्हणाला. त्याच्या तोंडावरून काही कळेना, कारण हा माणूस आनंदातही फोन कट झाल्यासारखाच दिसतो.

वर सातवी वाटी काठोकाठ भरलेली होती. दोन चिंचोके तर खाली सतरंजीवर सांडले होते. प्रभाकररावांनी बेरीज वाचून दाखवली: मोनालीची व्यवस्था पहिली, आणि थोडीथोडकी नाही, चांगली पुढं. रजतनं उठून तिच्याशी हात मिळवला.

पण ओमप्रकाश अजून बसूनच होता. माह्यी एक अट हाय, तो म्हणाला. तोडीचे दिवस असले की बोलावल्या दिवशी आलं पाहिजे. सण असो, लगन असो, पुण्याचं मोठं गिऱ्हाईक असो. आलं नाही तर पुढचं काम बंद. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं होतं की हे ऐकून दडपण येईल, पण तिला बरं वाटलं. ती म्हणाली की हे ठरावातच लिहा, आणि अनुपनं लिहिलं.

निघताना रुख्माबाई जिन्यापर्यंत आल्या. त्यांनी तिचा दंड धरला, चांगला घट्ट, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ताकाले येऊन भांडं लपवाचं काऊन, बाई? आमी ताक द्यालेच बसलो होतो. मागणाराच गप, तं आमी ओतू कशात?"

मोनालीला हसूही आलं आणि डोळ्यात पाणीही आलं. जातो, म्हणाली. येजो, रुख्माबाई म्हणाल्या.

घरी पोचली तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. नानाजी पुढच्या खोलीत खुर्चीवर पेपर घेऊन बसले होते. पेपर सकाळचा होता आणि उलगडलेलं पान खेळाचं होतं, नानाजींना खेळातलं काही कळत नाही. जेवून घे, म्हणाले. काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही. विचारणं म्हणजे मागणंच झालं, ते त्यांना कसं जमणार?

मोनालीनं हातपाय धुतले आणि त्यांच्यासमोर खाली बसून सगळं सांगितलं. ओळ खोडली तेही सांगितलं. तिथं नानाजींनी मान डोलावली, त्यांना ते बरोबर वाटलं होतं. मग हरल्याचं सांगितलं. मग खिडकीचं. मग सगळ्यांसमोर उठून, हरल्यावर, मले हे काम पाहिजे असं म्हटल्याचं सांगितलं.

नानाजींची मान डोलायची थांबली. "तू म्हटलं?"

"हो."

"सगळ्यायसमोर?"

"हो, बाबा. दोघं जण हसलेबी."

"मंग?"

"मंग काही नाई. काम भेटलं. आता पुण्याले नाई म्हणून कळवतो."

नानाजींनी पेपरची घडी घातली. घडी नीट झाली नाही, म्हणून पुन्हा उलगडून घातली. ते उठले, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले, आणि तिथंच तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. मोनालीला वाटलं, बाबांना आवडलं नाही. आता ते दोन शब्द बोलतील आणि तिला ते ऐकून घ्यावे लागतील. चूक की बरोबर, पण आयुष्यभर या माणसाचंच मत तिला सगळ्यात मोठं वाटत आलं होतं.

"तू नोको जाऊ," नानाजी भिंतीकडे पाहत म्हणाले.

"अहो बाबा, नाईच जाऊन राह्यली. आताच तं सांगितलं."

"ते कळलं मले." त्यांनी दाराची चौकट धरली. "काम भेटलं म्हणून नाई म्हणत मी. नसतं भेटलं तरी म्हणाचं होतं. आठ दिवसांपासून तोंडाशी येऊन राह्यलं होतं. मले एकट्याले नाई करमत, मोना."

साठीच्या पुढचा माणूस, आणि जन्मात पहिल्यांदा त्यानं कोणाकडे मनातलं काही मागितलं होतं. मागून झाल्यावर तो तसाच उभा राहिला, अर्ज दिल्यावर साहेबाच्या टेबलापुढे उभं राहतात तसा. मोनाली उठली आणि त्यांच्या पाठीला कपाळ टेकवून उभी राहिली. थोड्या वेळानं नानाजी म्हणाले की वरण गार होऊन राह्यलं, आणि दोघं जेवायला बसली.